बाडात नसलेलं कडवं

या सदरात मी पहिल्यांदाच लिहितो आहे. इथले अनुभव वाचताना मी बहुतेक वेळा मनातल्या मनात त्यांची उत्तरं शोधत असतो – माणूस दमलेला असेल, ताप असेल, अंधारात नीट दिसलं नसेल... माझ्या अनुभवात अंधार नाही आणि तापही नाही. भर दुपारी, ऑफिसात, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांना तो आला. त्यातला एक मी. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. आणि खरं सांगायचं तर यात भूत नाहीच. काय आहे ते मात्र मला सांगता येत नाही.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं, पण रेशनिंग चालू होतं आणि कागद मिळत नव्हता. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील कर्जतच्या बाजारात पोती उचलायचे. नगरच्या बोर्डिंगात मला फुकट ठेवून घेतलं, एका मास्तरांनी संध्याकाळी घरी बोलावून मोडी शिकवली, तिच्यावरच पुढे मला पहिली नोकरी मिळाली. या माणसांचे उपकार मी विसरलेलो नाही. नोकरी होती नगरच्या एका संशोधन मंडळात. काम असं – जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाहिरांची बाडं गोळा करायची, मोडीतून बाळबोधीत नक्कल करायची आणि रजिस्टरात नोंदवायची.

आमच्या त्या कोरड्या दक्षिण भागात एके काळी कवींची गावंच्या गावं होती. कलगीवाल्यांचा एक फड, तुरेवाल्यांचा दुसरा. एकाने डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. दिवसा कुळव धरणारा, चपला शिवणारा, विळ्यांना धार लावणारा माणूस सणाला देवळापुढे उभा राहून स्वतःचं कवन म्हणायचा. ती पिढी संपत आली होती. मागे उरली होती बाडं – लांबट, कडेला दोऱ्याने शिवलेली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. काही पोटमाळ्यावर असायची, काही कणगीमागे. एक बाड तर मला पीठ चाळायच्या चाळणीखाली सापडलं होतं.

मिरजगावहून आत दोन कोसांवरच्या एका वाडीत हलिमाबी राहायच्या. वय साठीच्या आसपास. त्यांचे वडील उमर शिकलगार – दिवसभर सहाणेवर विळे-कोयते परजायचे आणि सहाण फिरवता फिरवता कवनं करायचे. कलगीवाले. मी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने मिरजगावपर्यंत गेलो, पुढे चालत.

हलिमाबींनी बाड पुढ्यात ठेवलं, पण सोडलं नाही. एक हात त्यावरच.

“वाचता येतंय का तुमाला ह्ये, मास्तर? का नुसतंच न्यायचं?”

“येतं, मावशी.”

“मंग इहिरीचं काढा.”

मी पानं उलटत गेलो. विहिरीचं कवन सापडलं. पहिलीच ओळ होती – ‘कुदळ बोलली खडकाला, बाजूस सर रे थोडासा’. मी मोठ्यानं वाचलं आणि हलिमाबी पहिल्या ओळीलाच पुटपुटत माझ्याबरोबर आल्या. आठ कडवी मी वाचली, आठही त्यांना पाठ. नंतर मी थांबलो, त्याही थांबल्या.

“संपलं?” मी विचारलं.

“बाडातलं संपलं.”

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या फडाची रीत सांगितली. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, त्याला ते छाप म्हणत. छापेचं ते कडवं बाडात लिहायचंच नाही. कारण तुरेवाले बाडं पळवायचे, नाव बदलून कवन आपलं म्हणून गायचे. मग शेवटचं कडवं गुरूने फक्त गळ्यात ठेवायचं आणि एकाच चेल्याला तोंडी द्यायचं. म्हणजे बाड चोरलं तरी कवन अपुरंच हातात पडणार. भर सभेत खऱ्या धन्याने शेवटचं कडवं म्हटलं की चोर उघडा.

“रीत चांगली हुती,” हलिमाबी म्हणाल्या. “पर पटकीची साथ आली. बा आन् त्यांचा चेला एकाच आठवड्यात गेलं. मला कोन देतंय? पोरीला द्यायची रीत न्हवती.”

चोरी होऊ नये म्हणून लपवलेलं नावच हरवलं होतं. उमर शिकलगारांच्या सगळ्या बाडात उमर हे नाव एकदाही नव्हतं.

यात अडचण काय, ते मला त्यांच्याआधी कळलं होतं, आणि ते सांगायला जीभ रेटेना. मंडळाचा नियम होता – कवनातच छाप असेल तरच ते त्या कवीच्या नावावर. नसेल तर ‘कवी अज्ञात’. घरच्या लोकांच्या सांगण्यावर नाव घालायचं नाही. नियम बरोबरच होता; नाहीतर प्रत्येक घर सगळी कवनं आपल्या आज्याचीच म्हणून सांगायचं. त्यात विहिरीचं हेच कवन आमच्याकडे आधीच आलेलं होतं. शेजारच्या गावातल्या तुरेवाल्यांच्या बाडात, शेवटी त्यांच्या गुरूची, बाळाजीची छाप. वर्षाअखेर मंडळ यादी छापणार होतं. ती छापली की विहिरीचं कवन कायमचं बाळाजीचं.

शेवटी सांगितलं. त्यांनी फडकं पुन्हा बाडाभोवती गुंडाळलं. मग बाडावरचा हात काढला.

“घिऊन जावा. बगा काय व्हतंय का. आठ दिसांत परत आना पर.”

हलिमाबींच्या हातून ते बाड पहिल्यांदाच घराबाहेर जात होतं.

नगरला येऊन मी नक्कल करायला बसलो. चाळीसच्या वर कवनं होती, चार दिवस लागले. नक्कल करताना माणूस वाचत नसतो, अक्षरं इकडून उचलून तिकडे ठेवत असतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अर्थ बघायला लागलात की ओळ गाळलीच समजा.

पाचव्या दिवशी रुजवात. म्हणजे एकाने अस्सल बाड मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्याने नक्कल पुढे घेऊन ओळ जुळली की तांबड्या पेन्सिलीनं खूण करायची. वाचायला तात्या. तात्या मंडळाचे जुने कारकून, मोडी छापल्यासारखी वाचायचे. कवितेशी त्यांचं वाकडं होतं. कुठलंही कवन खरेदीखत वाचावं तसं एका सुरात वाचायचे – “कुदळ बोलली खडकाला उभी रेघ बाजूस सर रे थोडासा”. त्या शाहिरांनी ऐकलं असतं तर डफ मोडून टाकला असता.

त्या दुपारी आम्ही अकरा कवनं रुजवात केली. विहिरीचं मधलंच कुठलंतरी. तात्या वाचत गेले, मी खुणा करत गेलो. मध्ये चहा झाला. मग मी रजिस्टर ओढलं आणि एकेका कवनापुढे ‘कवी अज्ञात’, ‘कवी अज्ञात’ असं लिहीत सुटलो. तात्या माझ्या नकलेचे कागद लावत होते.

“अहो, विहिरीच्या पुढे अज्ञात काय लिहिता?” ते म्हणाले. “याच्यात नाव आहे की.”

“कुठे?”

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. माझं अक्षर. आठ कडवी, आणि त्याखाली नववं –

खडक फुटला, झरा लागला, घागर लेकीच्या माथ्याला
उमर शिकलगार सांगे, पाणी ठाऊक तहानेला

दोन ओळी, आणि दोन्ही ओळींपुढे माझीच तांबडी खूण.

पहिल्यांदा मला फक्त आनंद झाला. वाटलं, त्या वाडीत बसून वाचताना आपल्याकडून शेवटचं कडवं सुटलं असणार. पान चिकटलं असेल. मी बाड उघडलं. विहिरीचं कवन काढलं. आठ कडवी. आठव्याखाली अर्धं पान कोरं. पुढच्या पानावर दुसरं कवन सुरू. मागची पानं, पुढची पानं, शिवणीच्या आतली कड – सगळं पाहिलं. नववं कडवं कुठेच नव्हतं.

“तात्या,” मी म्हटलं, “तुम्ही हे वाचलंत ना आत्ता?”

“वाचलं म्हणजे? तुम्ही खूण केलीत ना?”

“कुठून वाचलंत?”

तात्यांनी बाड घेतलं, चष्मा वर-खाली केला. कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. “इथेच होतं हो. ‘तहानेला’चा ला जरा अंगावर आला होता, समासाला जागा नव्हती म्हणून.” आणि ते म्हणताच मलाही तो कडेला दाबून लिहिलेला ‘ला’ आठवला. नक्कल करताना मी तो पाहिला होता. अजूनही डोळ्यांपुढे आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळं मंडळाच्या चिटणीसांना सांगितलं. न सांगून चालण्यासारखं नव्हतं. ते कडक माणूस, पण सरळ. त्यांनी बाड आणि नक्कल शेजारी ठेवून पाच मिनिटं पाहिलं.

“बाई फार रडल्या का तिथे?” त्यांनी विचारलं.

“नाही, रडल्या नाहीत.”

“तुम्हाला त्यांची दया आली असेल. स्वाभाविक आहे. दोन ओळी जुळवणं काही अवघड नसतं. तुम्ही शिकलेले आहात.”

मला ज्यांनी वर आणलं होतं त्या सगळ्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली. खोटी नोंद करणारा म्हणून या मंडळातून बाहेर पडलो असतो तर बोर्डिंगाच्या दारात उभं राहायची सोय नव्हती. मी म्हटलं, “साहेब, मला दोन ओळी जुळवता येत नाहीत. कॉलेजात प्रयत्न करून पाहिलाय.”

“ते खरं आहे,” तात्या मागून म्हणाले. “आणि मी काय, मीही दयेपोटी वाचलं का? मला त्या बाईंचं नावसुद्धा माहीत नाही. मी जे लिहिलेलं होतं ते वाचलं.”

तात्या आयुष्यात पहिल्यांदाच चिटणीसांपुढे चढ्या आवाजात बोलले असावेत. चिटणीस हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “असं करा. हे कडवं ज्याने उमर शिकलगाराच्या तोंडून ऐकलंय असा जिवंत माणूस आणा. त्यांच्या फडातला नको, घरचा नको. तुम्ही त्याला कडवं सांगायचं नाही. त्याने सांगायचं. नाहीतर अज्ञात.”

असा एकच माणूस शिल्लक होता, आणि तो तुरेवाला होता. गेनबा – बाळाजीचा पट्टशिष्य, पंचाहत्तरीचा. विहिरीचं कवन बाळाजीच्या नावावर पन्नास वर्षं ज्यांनी गायलं, तेच हे. बाळाजीचं बाडही मंडळाला त्यांच्याच घरून मिळालं होतं. म्हणजे आपल्याच गुरूला खोटं पाडायला मी त्यांच्याकडे चाललो होतो.

गेनबा लिंबाखाली बाजेवर बसून दोरी वळत होते. मी कशाला आलो ते सरळ सांगितलं. कडवं सांगितलं नाही.

“उमऱ्या शिकलगार,” ते म्हणाले आणि दोरी वळतच राहिले. “लई खवाट मानूस. मला भर सभेत म्हनला हुता, गेनू, तुझा गळा ग्वाड हाय, पर डोकं बाळाजीकडं गहान हाय. समदी हसली. म्या बी हसलो, काय करतो.”

“विहिरीचं कवन कुणाचं, गेनबा?”

“आमचं. म्हनून दाखवू?”

आणि म्हणायला लागले. आवाज पार फाटला होता, पण ताल पक्का. मांडीवर बोटं पडत होती. आठ कडवी, शब्दाला शब्द. मग त्यांचं शेवटचं – बाळाजीचा तुरा झळकला आणि गगनाच्या माथ्याला भिडला, असं काहीतरी. म्हणून झालं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमी शिकल्यालं मानूस. सांगा, आठ कडवी खाली खाली खनत ग्येली. मंग नवव्यात गगन कुटनं आलं?”

कागद मी खिशातच ठेवला. कडवं मी सांगायचं नाही असं ठरलं होतं.

“चोरीचं ठिगाळ असंच दिसतंय,” ते म्हणाले. “आमी बाड पळीवलं हुतं त्यांचं. चार दिस. उतरून घ्येतलं आन् गुमान परत ठिवलं. मंग आमच्या गुरूनं शेवट जोडला. पुढल्या जत्रंला आमी गायलो, तर उमऱ्या हुबा ऱ्हायला आन् त्यानं त्याचं नववं म्हनलं. आमचं त्वांड काळं. त्या सालच्या पावसाळ्यातच पटकी आली, मंग ते म्हनायला कुनीच उरलं न्हाई. आमी मोकळं झालो.”

“ते नववं आठवतं?”

त्यांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. “एकदाच ऐकलं. शबूद न्हाई आठवत. पर पोरगी हुती त्यात. डोईवर घागर घ्येतल्याली. आन् शेवटाला तहान. पानी आन् तहान, असं कायतरी उलटं मारलं हुतं त्यानं... मला तवाच वाटलं हुतं, ह्ये आपल्या गुरूला जमायचं न्हाई.”

मी खिशातला कागद काढून वाचला. त्यांचे हात थांबले.

“व्हय,” ते म्हणाले. “ह्येच. कुनी दिलं तुमाला?”

“हे कागदावर लिहून द्याल का, गेनबा? अंगठा दिला तरी चालेल. तुमच्या गुरूचं नाव निघेल यादीतून, ते आधीच सांगतो.”

“निघू द्या. आता गळा ऱ्हायला न्हाई, खोटं कशाच्या जीवावर गाऊ?” त्यांनी अंगठा पुढे केला. मग म्हणाले, “बाकीची तेवीस आमच्या गुरूचीच हायती. ती नका काडू म्हंजे झालं.”

चिटणीसांनी अंगठ्याचा कागद दोनदा वाचला आणि रजिस्टर स्वतःकडे घेतलं. ‘कवी अज्ञात’ खोडून त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘उमर शिकलगार’ असं लिहिलं. बाळाजीच्या नोंदीपुढेही दुरुस्ती केली. उरलेली चाळीस कवनं अज्ञातच राहिली, पण एकाच बाडातली आणि त्याच हातची म्हणून यादीच्या प्रस्तावनेत उमर शिकलगारांच्या फडाचा उल्लेख आला. कडव्याबद्दल चिटणीस मला पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. तात्यांचंही तेच. विषय निघाला की म्हणायचे, “मी लिहिलेलं वाचतो,” आणि दुसरा कागद ओढायचे.

मी पुष्कळ विचार केला आहे. तात्या कोकणातले, मिरजगाव त्यांनी नकाशात पाहिलेलं. गेनबांना शब्द आठवत नव्हते. हलिमाबींना कडवं कधीच मिळालं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या पुटपुटण्यातून माझ्या कानावर पडलं असंही नाही. शाई उडाली म्हणावं तर त्या एका दुपारीत दोनच ओळींची कशी उडेल, आणि त्याआधी वाडीत मी स्वतः आठच कशी मोजली... भिंग लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. त्या जागी बोरूचा ओरखडासुद्धा नाही.

बाड परत द्यायला मी आठव्या नाही, दहाव्या दिवशी गेलो. हलिमाबी दारातच बाजरी पाखडत होत्या. उशिराबद्दल बोलल्या – बोलायलाच हवं होतं. मग मी कडवं वाचून दाखवलं.

सूप खाली ठेवलं त्यांनी. “परत म्हना.”

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्या वेळी मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच म्हटलं, आणि चालीवर म्हटलं. मी नुसते शब्द आणले होते, चाल त्यांच्याकडे होती. शेजारच्या दोघी जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“लेक म्हंजे मीच,” हलिमाबी त्यांना म्हणाल्या. “बापाला दुसरी न्हवती.” मग माझ्याकडे वळून – “ह्ये तुमाला दिलं कुनी?”

त्यांच्या रीतीत कडवं सापडत नसतं. ते कुणीतरी द्यावं लागतं, गळ्यातून गळ्यात. मी त्यांना सगळं सांगितलं – रुजवात, तात्या, तांबड्या खुणा, कोरं पान. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

“त्या तात्यांचा गळा कसा हाय?”

“गळा नाहीच, मावशी. खरेदीखत वाचतात.”

“मंग त्येंनी न्हाई. आन् तुमचा?”

“माझा त्याहून वाईट.”

त्या हसल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच. “मंग तुमी बी न्हवं,” म्हणाल्या, आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिल्या – उत्तर माझ्याकडे आहे आणि मी ते सांगायचं तेवढं राहिलंय, अशा नजरेनं.

मी बाड त्यांच्या हाती दिलं.